डिक्कीतला डग्गा

"गाणं आइकून राहिला का भूकंप करून राहिला बे तू?"

दिवाकररावांचा आवाज फाटकापासून थेट स्वयंपाकघरात आला, तेव्हा मंदाकिनीच्या हातात कणकेचा गोळा होता आणि फळीवरची स्टीलची ताटं आपणहून वाजत होती. समोरच्या घरातल्या चिरागनं नवी गाडी घेतली होती. तिच्या डिक्कीत त्यानं असं काही बसवून घेतलं होतं, की गाडी शंकर नगरच्या कोपऱ्यावर वळली की इकडे बरणीतल्या लोणच्याला कळायचं.

"अंकल, थोडा सा ही तो बजाया," चिराग म्हणत होता.

"थोडासा? माह्या खिडकीचा काच ढिला झाला!"

"तो कान में रुई डाल लो ना अंकल."

"अरे, कानात बोळे कोंबले तरी आइकू येते मले! कानानं नाही, छातीनं आइकू येते! इथं, इथं धडकते!" आणि त्यांनी छातीवर अशी थाप मारली की तीही आत ऐकू आली.

"मतलब डिक्की का डब्बा सही बना है," चिराग म्हणाला आणि गाडी घेऊन पळाला.

मंदाकिनी दाराआड हसली. नवऱ्यानं पाहिलं असतं तर जेवण झालं नसतं त्याचं. पुढं चिराग नोकरीसाठी बिलासपूरला गेला, भांडण विरून गेलं, काच पुन्हा घट्ट बसवली. ते छातीचं बोलणं मात्र तिच्या डोक्यात कुठंतरी पडून राहिलं. जुनं बटण डब्यात पडून राहतं तसं. कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि फेकवतही नाही.

दिवाकरराव मूळचे भंडाऱ्याकडचे. रायपूरजवळ बीरगांवला सळयांच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं आणि त्यात हे उभे. पण संध्याकाळी अंग धुतलं, पांढरा सदरा घातला, की तबला. गावातल्या मराठी लोकांचं भजनी मंडळ होतं, त्यात हे वाजवायचे आणि मंदाकिनी गायची. तिचं लग्न जमलं तेच मुळी आवाजावर. "पोरगी काळीसावळी आहे, पण गळा बारीक आहे," असं तिच्या मामानं सांगितलं होतं. सासरच्यांनी गळा ऐकला आणि रंगाचं पुढं कोणी काढलं नाही.

तबल्याची जोडी म्हणजे दोन जीव. उजवा तो तबला, बारीक टणत्कार करणारा. डावा तो डग्गा, पोटातून बोलणारा. दिवाकररावांचा उजवा हात चांगला होता, पण डावा देवाचा होता. तळहात डग्ग्यावर दाबून ते असा काही घिस्सा काढायचे, की तो डग्गा माणसासारखा हुंकार द्यायचा. लोक मंदाकिनीचं गाणं ऐकायला यायचे आणि घरी जाताना डग्ग्याचं बोलत जायचे. तिला याचा थोडा राग यायचा. थोडाच.

मग कान जायला लागले. कान जाताना तऱ्हेवाईकपणे गेले. आधी बारीक आवाज गेले, जाड मागं राहिले. दाराची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली, सकाळच्या चिमण्या गेल्या. ट्रकचा घरघराट राहिला, ढग राहिले. आणि मंदाकिनीचा गळा तर मुळातच बारीक. ज्या गुणावर लग्न झालं होतं, तोच गुण नवऱ्याच्या कानातून सगळ्यांच्या आधी निघून गेला.

हे तिला कळलं ते मंडळाच्या गणपतीत. भजन संपलं, तिनं हात जोडले, आणि दिवाकररावांचा ठेका चालूच. खाली मान घालून, डोळे मिटून, रंगात येऊन वाजवत होते. मंडळी भली होती, थांबून राहिली. त्यांनी मान वर केली तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते हसले, म्हणाले, "हात गरम झाला होता." घरी आले आणि तबल्याची जोडी माळ्यावर ठेवली. कोणी विचारलं की सांगायचे, "सांधे दुखतात." माळ्यावर चढताना मात्र सांधे दुखले नव्हते.

डॉक्टरनं यंत्र दिलं. यंत्रात चमचा पडला की वीज पडल्यासारखं वाटायचं आणि बायको बोलली की पत्रा घासल्यासारखं. ते यंत्र चष्म्याच्या घरात झोपी गेलं. "एक कान गेलाच आहे," डॉक्टरनं मंदाकिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसरा हळूहळू चाललाय. तो थांबणार नाही."

घर शांत झालं असं म्हणायची सोय नव्हती, कारण दिवाकरराव स्वतः मोठ्यानं बोलायला लागले. घरात कोणती भाजी झाली हे चार घरांना कळायचं. पण ते एकतर्फी. मंदाकिनी सवयीनं मागून "अहो, ऐकलंत का" म्हणायची, मग स्वतःशीच मान हलवून समोर जाऊन उभी राहायची आणि तोंड मोठं करून बोलायची. मोठं तोंड करून फक्त कामाचंच बोलता येतं. दूध आणा. गोळी घ्या. लाईट गेली. "आज सकाळी मला तुमची फार आठवण आली, तुम्ही इथंच बसले होते तरी," असलं काही त्यात बसत नाही.

त्यांची एकच लेक, देवश्री. ती लग्न होऊन नाशिकला गेली, पण जाण्याआधी तिनं एक चांगलं काम करून ठेवलं होतं. मंडळाच्या एका गणपतीत कोणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेलं एक भजन होतं. आई गाते आहे, बाबा वाजवताहेत. ती टेप तिनं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. घरच्या टीव्हीला तो लावला, की दिवाकरराव पुढं सरकून बसायचे, आवाज वाढवायचे, आणखी वाढवायचे, आणि मग बंद करायचे.

"काही येत नाही त्यात," ते म्हणायचे. "नुसता कोणी कागद फाडून राहिलं."

"काय पाहिजे तुम्हाला त्यातलं?" ती समोर जाऊन विचारायची.

"माहा डग्गा. त्यात एक जागा आहे." आणि पुढं काही सांगायचे नाहीत. "जाऊ दे. तुले नाही समजत."

एका श्रावणात चिराग आईबापाला भेटायला आला. आता त्याला टक्कल पडायला लागलं होतं, पण गाडीतला नाद सुटला नव्हता. फाटकासमोर गाडी उभी करून त्यानं गाणं लावलं. मंदाकिनीला वाटलं, आता हे ओरडणार. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. ते फाटकाला हात लावून रस्ता बघत उभे होते. आणि मग तिला दिसलं, त्यांचा हात फाटकावर हलत होता. लोखंडी फाटक गाडीच्या धमक्यानं थरथरत होतं आणि त्यावर दिवाकररावांचा डावा हात बोटं वळवून ठेका धरत होता. अगदी बरोबर पडत होता. समेवर मानही हलली.

डब्यातलं ते जुनं बटण तिला सापडलं. कानानं नाही, छातीनं आइकू येते.

ती चपला न घालताच रस्त्यापलीकडे गेली. "चिराग, वो क्या है रे तेरी गाडी में? जिससे धडकता है?"

चिरागनं घाईघाईनं आवाज बंद केला. "सॉरी काकी, सॉरी. अंकल को मत बोलना."

"अरे, बंद काहून केलं? मले तेच पाहिजे."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो इतका हसला की त्याची आई बाहेर आली. "अंकल को सबवूफर? जिन्होंने मुझे पूरे मोहल्ले के सामने गालियाँ दीं?"

"त्यायलेच."

पोरगं पोटचं नव्हतं, पण मनाचं चांगलं होतं. घरच्या माळ्यावरून त्यानं एक जडशीळ गोल स्पीकर खाली काढला. तोच, ज्यानं एके काळी खिडकीची काच ढिली केली होती. सोबतचं मशीनही दिलं. "ये आपका. लेकिन काकी, एक बात सुन लो. स्पीकर से कुछ नहीं होता. सारा खेल डब्बे का है. लकड़ी का डब्बा, जो डिक्की में बैठता है. स्पीकर बेचने वाले सौ मिलेंगे, डब्बा बनाने वाला सही मिलना चाहिए. और जो आपका गाना सुने बिना नाप लेने लगे, उससे बिलकुल मत बनवाना."

चिराग बिलासपूरला परत गेला. मंदाकिनीनं त्याचं शेवटचं वाक्य नीट ऐकलं नाही, घाई झाली होती. जवळच्याच एका, गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या निळ्या दिव्यांच्या दुकानात त्यांची जुनी मारुती उभी केली. दुकानातल्या माणसानं काही विचारलं नाही, मापही घेतलं नाही. तयार डब्बा होता, त्याला समोर वाटीएवढं भोक होतं. त्यानं त्यात स्पीकर बसवला आणि स्वतःचं गाणं लावलं. गाडी अशी हादरली की दिवाकररावांच्या सदऱ्याचं बटण उडू लागलं. ते खूश झाले. लहान पोरासारखं बायकोकडं बघून हसले. कित्येक दिवसांनी हसले.

घरी येऊन त्यांनी भजन लावलं. हसू गेलं.

"हा डग्गा नाही," ते म्हणाले. "कोणी गादी झोडपून राहिलं. एकच आवाज येते. भद, भद, भद." परत लावलं. छातीवर हात ठेवून बसले. "ती जागाच येत नाही यात."

त्यानंतर ते भजन ऐकायला गाडीत बसायचे बंद झाले. फाटकाजवळही उभे राहीनात. आधी आस नव्हती तोवर माणूस ठीक होता. आता आस दाखवून काढून घेतल्यासारखं झालं. मंदाकिनीला ते बघवेना, आणि दुसरा कान तर डॉक्टरनं म्हटल्याप्रमाणे रोज थोडा मिटत होता.

मग शंकर नगरात लोकांना एक नवीनच गोष्ट दिसू लागली. धडधडत जाणारी गाडी आली की एक म्हातारी बाई हात दाखवून ती थांबवायची. आतली पोरं घाबरून आवाज बंद करायची, "सॉरी दादी" म्हणायची. आणि ही विचारायची, "बेटा, डब्बा किसने बनाया?" बहुतेकांना माहीत नसायचं. दोघांनी मात्र एकच नाव सांगितलं. "बूढ़ापारा में लहानू भैया. पर दादी, वो डाँटता बहुत है."

"कशावरून?"

"बोलता है, पहले गाना सुनाओ. फिर बोलता है, इस गाने को डब्बा नहीं, डॉक्टर चाहिए."

मंदाकिनीनं ठरवलं, हाच तो.

बूढ़ापाऱ्यातल्या त्या गल्लीत स्कूटरच कशीबशी शिरते. दिवाकररावांना तलावाच्या काठी गाडीत बसवून ती एकटी चालत गेली. पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधलेला. दुकान म्हणजे सुताराची पडवी होती. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली लाकडाचा भुसा आणि पन्नाशीचा एक माणूस फळीवर रंधा मारत होता.

"या, काकू. काय पाहिजे? पाट का पोळपाट?"

"सबवूफरचा डब्बा."

रंधा थांबला. "नातवासाठी?"

"नवऱ्यासाठी."

लहानूनं रंधा खाली ठेवला, हात पुसले आणि स्टूल पुढं सरकवलं. "बसा. सांगा."

तिनं सगळं सांगितलं. मग त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि एका उघड्या स्पीकरवर तळहात ठेवून भजन ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला हातानंच थांबवलं.

"डग्गा काकाजीचा का?"

"हो."

"हात चांगला आहे जी. अन् गाते कोन?"

मंदाकिनीनं पदर सारखा केला. "आहे एक."

लहानू हसला, पण विचारलं नाही. "असं आहे काकू, पोट्ट्यायले धमाका पाहिजे. म्हणून भोकाचा डब्बा लागते, तो घुमते. काकाजीले घुमून चालत नाही. त्यायले डग्ग्याचा बोल न् बोल पाहिजे. त्याले बंद डब्बा पाहिजे. लहानसा, जाड, कुठून हवा नाही निघाली पाहिजे."

"मग उद्यापासून घ्या हातात."

"गणपतीपर्यंत नाही जमत."

"अहो, महिना आहे!"

"डीजेवाल्यायचे डब्बे घेऊन ठेवले. तुमाले हो म्हणून ठेवलं अन् दिलं नाही, तर तुमी मले शिव्या देसान. त्या आत्ताच द्या, मी बसलो आहो." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "गणपती उठले की पितृपक्ष लागते. तेव्हा तुमचे लोक काहीच नवीन नेत नाही. पंधरा दिवस मी रिकामा. आमच्याकडं पितृपक्ष नसते. तेव्हा देतो. पक्कं देतो."

परत येताना मंदाकिनी बोटांवर दिवस मोजत चालली. माणूस खरा मिळाला होता. नाही म्हणणारा कारागीर तिनं पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तिच्या हिशेबात तीच खात्रीची खूण होती. पण पितृपक्षात घरात नवी वस्तू? तिच्या सासूनं त्या पंधरवड्यात कधी साधी केरसुणी घेतली नव्हती. इकडे पितर, तिकडे कान. पितर वर्षभर थांबतील, कान थांबणार नव्हते.

विचार करकरून तिला एक वाट सापडली. वाट कसली, पळवाट. लग्नात मिळालेला सागवानी पलंग मोडून गच्चीच्या खोलीत पडला होता. त्याच्या फळ्यांचा डब्बा केला, तर ती नवी वस्तू कशी म्हणता येईल? सासूही वरून काही म्हणू शकणार नाही. पलंग तिनंच पसंत केला होता.

पितृपक्ष लागल्याबरोबर ती रिक्षात फळ्या घालून हजर.

लहानूनं फळ्यांवरून हात फिरवला. "लाकूड सोन्यासारखं आहे. पण काकू, सागवान पलंगाले चांगलं. डब्ब्याले प्लाय पाहिजे. ही फळी उन्हात आकसते, पावसात फुगते. सांधा सुटला की हवा निघते, अन् हवा निघाली की डग्गा मेला."

"तुम्ही घट्ट ठोका ना."

"ठोकीन. पण मी सांगून राहिलो."

"अन् मी ऐकून राहिली. माझे कान चांगले आहेत."

त्यानं काम सुरू केलं. त्याची काम करायची तऱ्हा बघायला मंदाकिनी रोज जाऊ लागली. डिक्की वाकडीतिकडी, त्यात जास्तीचं चाक. डब्बा एका बाजूनं उतरता करावा लागत होता. अशा वाकड्या डब्ब्यात हवा किती मावते ते फूटपट्टीनं कळत नाही म्हणे. म्हणून लहानू डब्ब्यात प्लास्टिकची पिशवी अंथरायचा आणि स्पीकरच्या भोकातून त्यात मुर्रा भरायचा. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे. काठोकाठ भरले की परत ओतून काठ्यानं मोजायचे, खेड्यात धान मोजायचा तो काठा. "या स्पीकरले इतके काठे हवा लागते," तो म्हणायचा, "कमी झाली तर गळा दाबल्यासारखं बोलते, जास्त झाली तर सैल बोलते." हवा काठ्यानं मोजणारा माणूस मंदाकिनीनं जन्मात पाहिला नव्हता. मोजून झालेला मुर्रा ती घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शेंगदाणे-कढीपत्ता घातलेला चिवडा करून आणायची. "डब्ब्यानं खाऊन दिलेला," ती म्हणायची, आणि दोघं भुशात बसून खायची.

बोलल्या दिवशी डब्बा गाडीत बसला. पहिल्या दिवशी दिवाकररावांनी भजन लावलं आणि पूर्ण ऐकलं. दुसऱ्या दिवशीही. मंदाकिनी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, विचारायची हिंमत होत नव्हती. मग क्वारचं, म्हणजे पावसाळा सरतानाचं, कडक ऊन पडलं. रायपूरचं ते ऊन पावसाळ्याचा सगळा ओलावा एकदम ओढून घेतं. गाडी दिवसभर त्यात उभी होती. संध्याकाळी भजन लावलं तर मंदाकिनीला डिक्कीतून फुस्स, फुस्स ऐकू आलं. दर ठोक्याला कोणी सुस्कारा टाकावा तसं. दिवाकररावांना सुस्कारा ऐकू येत नव्हता, पण त्यांनी लगेच छातीवरचा हात काढला.

"गेला," ते म्हणाले. "डग्गा ओला झाला. येत होती ती जागा, आत्ता येणारच होती, अन् गेला."

ती परत बूढ़ापाऱ्याला गेली तेव्हा तिनं बोलायचं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. लहानूनं तिला काही बोलू दिलं नाही.

"सांधा सुटला ना?"

"सुटला."

"आणा डब्बा."

"तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मी सांगितलं, पण बनवला तर मीच ना जी? माह्या हातून गेला, तर परत माह्याच हातात आला पाहिजे." आणि त्यानं डब्बा मोडून फळ्या वेगळ्या केल्या. आत जाड प्लायचा नवा डब्बा बनवला, सांध्यांत डिंक आणि भुसा कालवून भरला, पुन्हा मुर्रा भरून मोजला. आणि पलंगाच्या फळ्या पातळ चिरून बाहेरून लावल्या. "आतून माहा, बाहेरून तुमचा," तो म्हणाला. या सगळ्यात दसरा उजाडला. पितृपक्षात नवी वस्तू घरात आली नाही ती नाहीच. मंदाकिनीची पळवाट वळून वळून सासूच्याच दारात निघाली होती.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाल्यावर दोघं गाडीत बसले. तलावाच्या काठाला, झाडाखाली. काचा वर केल्या. दिवाकररावांनी पाठ सीटला टेकवली, डावा तळहात छातीवर ठेवला आणि भजन लावलं.

मंदाकिनीला तिचा स्वतःचा तरुण आवाज ऐकू येत होता. त्यांना तो येत नव्हता. तिला ते माहीत होतं, आणि त्या क्षणी ते तिला फार लागलं. आपण एवढं गातो आहोत आणि हा माणूस शेजारी बसून फक्त स्वतःचा डावा हात ऐकतो आहे. मग डग्गा बोलू लागला. गादी नव्हे, पत्रा नव्हे. सीटमधून पाठीत, पाठीतून छातीत, एकेक बोल सुटा, ओला तळहात कातड्यावर पडावा तसा. दिवाकररावांचे डोळे मिटले. ठेक्यात जिथं डग्गा गप्प बसतो, तिथं ते उजव्या हाताच्या बोटांनी स्टिअरिंगवर टिचकी मारून मधलं भरून काढत होते.

अंतऱ्याची दुसरी ओळ आली. डग्ग्यानं लांब, खोल हुंकार दिला.

"हे!" दिवाकरराव ओरडले. बाहेर सायकलवाला दचकला. "हे आलं! इथं तू श्वास घेतला."

मंदाकिनी त्यांच्याकडं वळली.

"तुहा श्वास पुरत नव्हता या ओळीले. मधातच तुटायचा. म्हणून मी हा घिस्सा टाकायचो, लांबवून. लोकायचं ध्यान डग्ग्यावर जायचं अन् तोवर तू श्वास घेऊन घ्यायची. दरवेळी. तुले कधी समजलंच नाही ना?"

तिला कधी समजलंच नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण तो श्वास इतका चोरून घेतो की कोणाच्या लक्षात येत नाही. आणि लोक डग्ग्याचं बोलत घरी जायचे म्हणून ती रुसायची.

"अहो, ऐकलंत का," ती म्हणाली. सवयीनंच. त्यांनी मान वळवली नाही, कारण ऐकू आलं नव्हतं. पण बोटं स्टिअरिंगवर वाजत होती आणि ओठ हलत होते, तिच्या ओळीबरोबर, अगदी तिच्या ओळीबरोबर. तिनं पुढचं बोलणं सोडून दिलं. त्यांना ती कुठं पोचली आहे हे ठाऊक होतं. तेवढं तिला पुरलं. पुरलं म्हणजे, पुरवून घेतलं.

त्या दिवसापासून संध्याकाळच्या दुधाला दिवाकरराव गाडीनं जायला लागले. डेअरी पायी जाण्याइतकी जवळ होती, म्हणून ते लांबच्या रस्त्यानं जायचे. चिरागशी झालेलं भांडण आठवून काचा कडेकोट बंद. तरी फाटकाजवळ आले की स्वयंपाकघरातली ताटं हळूच वाजायची आणि मंदाकिनी गॅस बारीक करून बाहेर यायची. भजन संपल्याशिवाय ते उतरायचे नाहीत. ती गाडीच्या मागं डिक्कीवर तळहात ठेवून उभी राहायची. उतरल्यावर ते रोज काहीतरी खोट काढायचे, जशी ती आत्ताच आत बसून गाऊन उठली आहे.

दुसरा कान त्याच हिवाळ्यात पूर्ण मिटला. दुधाला जाणं मिटलं नाही.

पितृपक्ष आला की लहानू न बोलावता यायचा, डिक्की उघडून सांध्यांवरून बोट फिरवायचा आणि चिवडा खाऊन जायचा. दोन वर्षं असं चाललं. मग एका फाल्गुनात दिवाकरराव झोपेतच गेले. त्यानंतरच्या पितृपक्षात लहानू आला तेव्हा घरात त्यांचंच पान वाढलेलं होतं. तो आधी डिक्कीकडं गेला, सांधे पाहिले, म्हणाला, "घट्ट आहे जी," आणि मग आत येऊन जेवायला बसला. मंदाकिनीनं त्याला सगळ्यात आधी वाढलं.

पण ती फाल्गुनातली शेवटची संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच होती. ऊन कलत होतं. दिवाकररावांनी दुधाची बरणी घेतली, मोठ्यानं विचारलं, "अजून काही आणू का?" तिनं समोर जाऊन तोंड मोठं करून सांगितलं, "कोथिंबीर." ते गेले. लांबच्या रस्त्यानं गेले. ताटं हळूच वाजली तेव्हा तिनं गॅस बारीक केला, हात पदराला पुसत बाहेर आली आणि डिक्कीवर तळहात ठेवून उभी राहिली. पलंगाच्या फळ्या तिच्या हाताखाली बोलत होत्या. अंतऱ्याची दुसरी ओळ आली. तो लांब हुंकार आला, आणि तिनं, उगाच, श्वास घेतला.

भजन संपलं. ते उतरले, बरणी तिच्या हातात दिली, कोथिंबीर दिली.

"आज अंतरा घाईत घेतला तू," ते म्हणाले.

"दूध तापवायचं आहे," तिनं समोर उभं राहून सांगितलं. "या आत."